शोधाचा खर्च कोणी भरला? जालन्यातून पाहिलेला मराठी पत्रकारितेचा हिशेब

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, वृत्तपत्रांच्या इतिहासावर काम करायचं असं तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असतं. मग सिनॉप्सिसचं शीर्षक ठरतं: 'अमुक वृत्तपत्राचे सामाजिक योगदान' किंवा 'तमुक संपादकांचे विचारकार्य'. असे प्रबंध आपल्या विद्यापीठांत भरपूर आहेत. त्यांत अग्रलेख सापडतात, चळवळ सापडते, संपादकाचं चरित्र सापडतं. सापडत नाही तो पैसा. एखादी गोष्ट खणून काढायला जो वेळ आणि खर्च लागला, तो कोणी भरला? आणि भरणाऱ्याला नफा नको असेल, तर त्याने तो का भरला?

आज हा प्रश्न इतिहास म्हणून कसा विचारायचा ते बघू. प्रदेश घेऊ जालन्याचा. कारण साधं आहे. जालना १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. इथे स्थानिक दैनिकं-साप्ताहिकं आहेत, पण मोठ्या दैनिकांचे निर्णय बहुतांशी शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात होतात. म्हणजे जिल्हा आहे, प्रश्न आहेत, वाचक आहेत. पण महिना-दोन महिने एकाच विषयामागे फिरणारा पगारी माणूस दुर्मिळ. अशा ठिकाणी 'खर्च कोणाचा' हा प्रश्न लगेच उघडा पडतो.

आधी खर्च म्हणजे काय ते समजून घेऊ

एक काल्पनिक उदाहरण घ्या. दुष्काळी उन्हाळ्यात भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर या तालुक्यांत पाण्याचे टँकर चालतात. कागदावर दाखवलेल्या खेपा आणि गावात खरोखर पोचलेल्या खेपा जुळतात का, एवढंच तपासायचं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा. प्रत मिळाली तर पानाला २ रुपये. वाटतं, किती स्वस्त! पण उत्तराला ३० दिवस. उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे किती महिने जातील ते सांगता येत नाही. दरम्यान टँकरचं लॉगबुक, पंचायत समितीची मागणी, ग्रामपंचायतीची नोंद आणि कंत्राटदाराचं बिल असे चार कागद शेजारी ठेवायचे. गावोगाव जाऊन बायकांना विचारायचं, 'ताई, मागच्या आठवड्यात टँकर किती वेळा आला?' शेवटी बातमी छापण्याआधी वकिलाला दाखवायची, कारण बदनामीचा दावा कधीही येऊ शकतो.

अर्जाचे १० रुपये हा खरा खर्च नाही. तीन-चार महिने एका माणसाचं घर चालणं, हा खरा खर्च आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याचदा ठरलेला पगारच नसतो. जाहिरात आणली तर कमिशन. आणि छोट्या वृत्तपत्राची मोठी जाहिरातदार असते सरकारी यंत्रणा. शासनमान्य यादीतला वर्ग, निविदांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे गणित जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्याकडून जाहिरात यायची, त्याचंच लॉगबुक मागायचं, अशी ही अडचण.

म्हणून तिसरा पैसा लागतो. सरकारचा नको, जाहिरातदाराचाही नको, लोकांचा. आपल्या इतिहासात तो कधी आला आणि कशासाठी आला?

१८८२: जामिनाला पैसा मिळाला

'केसरी' आणि 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले. पहिल्याच वर्षात त्यांनी कोल्हापूरचं प्रकरण हाती घेतलं. चौथे शिवाजी महाराज वयाने लहान; त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप होता. आधार होता बर्व्यांच्या नावाच्या पत्रांचा. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, ते तुम्हाला माहीत असेल.

आता पैशाकडे बघा. या खटल्यात १०,००० रुपयांचा जामीन उभा केला तो सत्यशोधक समाजाच्या रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. ज्या तरुण संपादकांशी फुल्यांचं पुढे फारसं पटलं नाही, त्यांच्यासाठी. संस्थानातल्या एका मुलाच्या छळाबद्दल बोलणाऱ्याला एकटं पाडायचं नाही, ही भूमिका पक्षापेक्षा मोठी ठरली. हे मराठी पत्रकारितेला मिळालेल्या सार्वजनिक पाठिंब्याचं ठळक आणि सुरुवातीचं उदाहरण.

पण संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारा. पैसा कोणत्या टप्प्यावर आला? बातमी छापून झाल्यावर, खटला उभा राहिल्यावर. पत्रं खरी आहेत का, हस्ताक्षर कोणाचं, ती कोणत्या हातांतून आली, हे तपासण्याच्या टप्प्यावर कोणाचाच पैसा नव्हता. दोन तरुण शिक्षक शाळा सांभाळून दोन वृत्तपत्रं काढत होते. आणि यातली दुःखाची बाब अशी की मूळ काळजी खोटी नव्हती. चौथे शिवाजी १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरमध्ये, देखरेखीखाली असतानाच, गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. प्रश्न बरोबर होता, कागद चुकीचा होता. कागद चुकला की बरोबर प्रश्नही कोर्टात हरतो.

पुढे १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यातही हेच दिसतं. टिळकांच्या बचावासाठी बंगालपर्यंत वर्गणी जमली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. संपादक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला की लोक खिशात हात घालतात. हे आपल्या समाजाचं मोठेपण आहे, आणि मर्यादाही.

१९२० ते १९२९: वर्गणीची लढाई

दुसरं उदाहरण जास्त कठोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. एका दात्याने बीजभांडवल दिलं, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. पण पैसे देऊनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. इथे थांबून विचार करा: खिशात पैसा असणं पुरेसं नसतं, बाजारात जागाही मिळावी लागते. 'मूकनायक' काही वर्षांतच बंद पडलं.

मग ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आलं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चला झाला होता. म्हणजे अवघे दोन आठवडे उलटले होते. महाडला नेमकं काय घडलं, परतणाऱ्या लोकांना कोणी मारलं, गावोगाव काय सूड उगवला गेला, हे त्यांच्या बाजूने नोंदवणारं दुसरं मोठं वृत्तपत्र नव्हतं. आज आपण ज्याला शोधपत्रकारिता म्हणतो त्यातलं बरंच काम इथे चळवळीच्या वृत्तांतांच्या रूपात दिसतं. मोबदला शून्य. चोवीस-चोवीस रकाने संपादकाने एकट्याने लिहायचे, तेही वकिली आणि सार्वजनिक काम सांभाळून.

या पत्रातला 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हा लेख संशोधनाच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावा. शीर्षकातच सगळा युक्तिवाद आहे. हे पत्र चालवण्याचं कर्ज एका माणसाचं खाजगी कर्ज मानायचं, की ज्या समाजासाठी ते चालतं त्या समाजाचं? संपादक इथे दान मागत नाहीत, येणं मागतात. ना-नफा पत्रकारितेचा पाया मराठीत इतक्या थेट शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. तरीही नोव्हेंबर १९२९ मध्ये पत्र बंद झालं. ज्यांच्यासाठी ते होतं, त्यांच्यापैकी फार थोड्यांना वाचता येत होतं आणि त्याहून थोड्यांना वर्गणी परवडत होती.

इथून एक कडवट नियम हाती येतो. शोधाची गरज ज्यांना सर्वांत जास्त, त्यांच्याकडे तो करवून घ्यायला पैसा सर्वांत कमी.

निजामी राजवट: खर्च रुपयांत नव्हता

आता जालन्याकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होता. पुण्या-मुंबईत संपादकावर खटला व्हायचा. इथे मुळात वृत्तपत्र काढायची परवानगी मिळणंच मुश्कील. साध्या सभेवर 'गश्ती निशाण ५३' चा अंमल, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय सभा नाही. शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. अशा वेळी आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. संस्थानात बंदी आली की नाव बदलायचं, संस्थानाबाहेर छापायचं आणि आत पोचवायचं.

याचा खर्च कसा मोजणार? अंक लपवून आणणाऱ्या कार्यकर्त्याचा धोका कुठल्याही जमाखर्चाच्या वहीत नोंदलेला नसतो. हैदराबादमध्ये तर 'इमरोज'चे तरुण संपादक शोएब उल्ला खान यांना रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये जिवे मारण्यात आलं. म्हणून तुमच्या आराखड्यात 'सार्वजनिक पाठिंबा' याची व्याख्या फक्त वर्गणीपुरती ठेवू नका. अंक वाहून नेणं, बातमीदाराला रात्री घरात ठेवून घेणं, साक्ष द्यायला उभं राहणं, ही सगळी वर्गणीच आहे.

१९७८: ज्यांचा पैसा, त्यांची नजर?

विलीनीकरणानंतर 'मराठवाडा' औरंगाबादेतून निघू लागला, अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली नावारूपाला आला आणि १९६८ मध्ये दैनिक झाला. प्रदेशाचा आवाज म्हणून त्याला मान होता. आणीबाणीत भालेराव तुरुंगात गेले. इथपर्यंतची कथा अभिमानाची.

पण २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. 'मराठवाडा' दैनिकाची भूमिका नामांतराच्या विरोधातली होती. म्हणजे निजामाविरुद्ध लोकांनी जपलेलं पत्र, आपल्याच प्रदेशातल्या सर्वांत दुबळ्या लोकांच्या मागणीसमोर उभं राहिलं. कारणांची चर्चा मोठी आहे, ती वेगळ्या लेखात करू. आपल्यापुरता मुद्दा असा: एखादं पत्र 'लोकांचं' आहे म्हणताना हे लोक कोण, हे विचारलंच पाहिजे. वर्गणीदार कोण, विक्रेता कोणत्या वस्तीत जातो, जाहिरातदार कोणत्या जातीचे, यांवर पत्राची नजर कुठवर पोचते ते ठरत असतं.

मग त्या हल्ल्यांचा शोध कोणी घेतला? एक उत्तर आहे अत्याचार विरोधी समिती. कार्यकर्ते आणि अभ्यासक यांनी मिळून माहिती गोळा केली आणि त्यांचा अहवाल १९७९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. हे साप्ताहिक समीक्षा ट्रस्ट नावाचा न्यास चालवतो. म्हणजे बघा, आज आपण ज्याला ना-नफा प्रादेशिक शोधपत्रकारिता म्हणतो, तिचा एक पक्का नमुना मराठवाड्याबद्दल १९७९ मध्येच तयार झाला होता. शोध घेणारे कार्यकर्ते, छापणारा न्यास, नफा कोणालाच नाही. फक्त त्याला कोणी पत्रकारिता म्हटलं नाही. 'सत्यशोधन अहवाल' म्हटलं. आणि तो इंग्रजीत आला. ज्या गावांबद्दल होता, त्या गावांत तो किती जणांनी वाचला असेल, हा प्रबंधाचा स्वतंत्र विषय होईल.

मराठीत न्यासाचा नमुना नव्हता असं नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक न्यासावरच चालत आलं आहे. पण विचारांचं साप्ताहिक चालवणं आणि जिल्ह्याच्या कचेऱ्यांत फाइली वाचायला माणूस नेमणं, यांच्या खर्चाची जात वेगळी.

आज: कायदा काय म्हणतो

८ मे २०२० ची पहाट आठवा. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद उद्योगात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर रुळांवरून घराकडे निघाले होते. करमाडजवळ दमून झोपले असताना मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो जगभर पोचला. पण त्यापुढचे प्रश्न फोटोत मावत नाहीत. ठेकेदाराकडे परवाना होता का? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्याखाली त्यांची नोंद झाली होती का? टाळेबंदीतली मजुरी मिळाली का? प्रत्येक प्रश्न म्हणजे कामगार कार्यालयातली एक फाइल आणि काही आठवड्यांचं काम.

असं काम देणग्यांवर करणाऱ्या संस्था आता आहेत. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेली 'पारी' काउंटरमीडिया ट्रस्टतर्फे चालते, मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांवर आणि ऊसतोड कामगारांवर तिने सातत्याने लिहिलं आहे, आणि तिचा मजकूर मराठीतही येतो. १९७९ च्या अहवालाची भाषेची अडचण इथे निदान काही प्रमाणात सुटली.

पण कायद्याची चौकट अरुंद आहे. नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादक, वार्ताहर, मालक, प्रकाशक यांना परकीय देणगी घ्यायला २०१० च्या परकीय योगदान कायद्याने मनाई आहे. त्यामुळे मदार देशातल्या देणगीदारांवर. तिथे आयकर कायदा येतो. त्यातल्या 'धर्मादाय हेतू'च्या व्याख्येत गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरण, वारसा जतन यांची नावं आहेत. पत्रकारितेचं नाव नाही. तिला 'सार्वजनिक उपयोगाचं इतर कार्य' या शेवटच्या कप्प्यात बसावं लागतं, आणि तिथे व्यावसायिक उत्पन्नावर एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे.

याचा परिणाम कल्पनेतला नाही. सरकारी कागदपत्रांवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या 'द फाइल' या कन्नड संस्थेचा ना-नफा दर्जा डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. जानेवारी २०२५ मध्ये 'द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह'चाही झाला. आपल्या पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधत नाही असं कारण आयकर खात्याने दिल्याचं संस्थेने सांगितलं. दर्जा गेला की देणगीवर कर बसतो आणि देणगीदाराची सवलत जाते. शोध सार्वजनिक हिताचा आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार अशा रीतीने वाचकाकडून कर अधिकाऱ्याकडे जातो.

राज्य सरकार पत्रकारांना काहीच देत नाही, असंही म्हणता येणार नाही. ज्येष्ठ पत्रकारांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची सन्मान योजना आहे, शंकरराव चव्हाणांच्या नावाचा कल्याण निधी आहे, हल्ल्यांपासून संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे. पण नीट बघा: म्हातारपणाला मदत, आजारपणाला मदत, मार खाल्ल्यावर कायदा. शोधाला मदत नाही. १८८२ चीच रीत सरकारी योजनेच्या रूपात पुढे चालली आहे.

तर मुद्दा काय

माझ्या वाचनातून मी मांडत असलेलं गृहीतक असं: मराठी समाजाने पत्रकाराला संकटात पैसा दिला, पण शोधाला रोजचा पैसा दिला नाही. त्यामुळे शोध घ्यायचं काम कधी संपादकाच्या घरखर्चातून, कधी चळवळीच्या घामातून, तर कधी बाहेरच्या न्यासातून झालं. जिल्ह्याच्या पातळीवर ते स्थिर होऊ शकलं नाही. हे गृहीतक चुकीचंही ठरू शकतं. तपासायचं तुम्हालाच आहे.

तपासायचं कशावरून? चार साधनं सांगतो.

पहिलं, जुन्या अंकांतल्या वर्गणीच्या याद्या आणि पोच. आपण अग्रलेख वाचतो आणि शेवटचं पान सोडून देतो. त्याच पानावर कोणत्या गावातून किती आणे आले ते असतं. जालना, अंबड, परतूर ही नावं किती वेळा येतात ते मोजा.

दुसरं, 'फॉर्म ४'. नोंदणीकृत वृत्तपत्राने मालकीचं निवेदन दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात छापण्याचा नियम १९५६ पासून चालत आला. जिल्ह्यातल्या एखाद्या साप्ताहिकाचे वीस वर्षांचे मार्च महिन्याचे अंक काढलेत, तर मालकी कशी फिरली ते समोर येईल.

तिसरं, धर्मादाय कार्यालय. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यासांना हिशेब सादर करावे लागतात. जिल्ह्यात माध्यमाशी संबंधित किती न्यास आहेत आणि त्यांचा पैसा वर्धापनदिनाच्या कार्यक्रमावर जातो की बातमीवर, हे तिथून कळू शकतं.

चौथं, माणसं. जुने तालुका वार्ताहर, विक्रेते, छापखान्यातले कंपोझिटर. त्यांना 'पत्रकारितेचं योगदान काय' असं विचारू नका; भाषण ऐकायला मिळेल. 'त्या बातमीसाठी गावाला गेलात तेव्हा एसटीचं भाडं कोणी दिलं?' असं विचारा. मग खरी माहिती येते. नाव छापायचं की नाही, याची परवानगी मात्र आधी घ्या, कारण जिल्हा लहान असतो आणि माणसाला तिथेच राहायचं असतं.

सिनॉप्सिस लिहिताना कालखंड आवरता ठेवा. 'मराठी पत्रकारिता १८३२ ते आजपर्यंत' असा विषय घेतलात तर गाईड हसतील. '१९८१ ते २००५: जालना जिल्ह्यातील साप्ताहिकांचे अर्थकारण आणि स्थानिक प्रशासनाविषयीचे वृत्तांकन' असा घ्या. जिल्हा झाल्यापासून माहिती अधिकाराच्या केंद्रीय कायद्यापर्यंतची २४ वर्षं. मावेल एवढं काम आहे. आणि त्यातून जे निघेल ते फक्त ग्रंथालयासाठी नसेल. पुढच्या दुष्काळात टँकरचं लॉगबुक मागायला कोण जाणार, आणि त्याच्या चार महिन्यांच्या घरखर्चाची सोय कोणी आणि कशी करायची, याचं उत्तर जालन्याच्या लोकांना शोधावं लागेल. आधी काय केलं गेलं आणि ते कुठे अडलं, एवढं तरी आपण त्यांच्यासमोर ठेवू शकतो.